पाच पर्याय आणि त्यांचा भरवसा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. उत्तर बरोबर आलं तरी रीत मांडल्याशिवाय ते पूर्ण गुण देत नसत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून आज मी विषयही रीतीचाच निवडला आहे.

पूर्णपणे सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्णपणे असहमत. या पाच पर्यायांपैकी एकापुढे खूण करण्याची वेळ तुमच्यापैकी बहुतेकांवर आली असेल. बँकेत, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत, नोकरीच्या ठिकाणी. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत याला पदनिश्चयन श्रेणी म्हणतात. मानसशास्त्र, शिक्षण, समाजकार्य, व्यवस्थापन या विषयांतल्या प्रबंधांपैकी फार मोठा भाग अशाच प्रश्नावल्यांवर उभा असतो. तिसरं प्रकरण उघडलं की एक ओळ बहुधा सापडतेच : ‘साधनाची विश्वसनीयता 0.82 असून ती समाधानकारक आहे.’ पुढच्या सगळ्या कोष्टकांचा आणि निष्कर्षांचा भार त्या एका ओळीवर असतो.

ती ओळ कशाची हमी देते आणि कशाची देत नाही, एवढंच मला आज सांगायचं आहे. माझं म्हणणं आधीच मांडून ठेवतो. विश्वसनीयता हा छापील प्रश्नावलीचा गुण नाही. ठरावीक माणसांनी, ठरावीक परिस्थितीत दिलेल्या उत्तरांचा तो गुण आहे. माणसं बदलली, विचारणारा बदलला, उत्तरांचा उपयोग बदलला, की तो नव्याने मोजावा लागतो.

थोडं मागे जाऊ. माणसाच्या मतांचं, अभिवृत्तीचं मोजमाप होऊ शकतं, असं शिकागोच्या लुई थर्स्टन यांनी 1928 मध्ये ठामपणे मांडलं. त्यांची पद्धत मेहनतीची होती. चर्चविषयीची अभिवृत्ती मोजण्यासाठी त्यांनी आणि अर्नेस्ट चेव्ह यांनी 130 विधानं जमवली आणि सुमारे 300 जणांकडून त्यांचे अनुकूलतेच्या क्रमाने 11 गठ्ठे करून घेतले. मगच प्रत्येक विधानाचं मूल्य ठरलं. चार वर्षांनी, 1932 मध्ये, कोलंबिया विद्यापीठात रेन्सिस लिकर्ट या तरुण संशोधकाने विचारलं की एवढे परीक्षक हवेतच कशाला? उत्तर देणाऱ्यालाच पाच पायऱ्या द्या, त्यांना 1 ते 5 अंक द्या आणि बेरीज करा. कमी विधानांत, कमी श्रमात तेवढीच विश्वसनीयता मिळते, हे त्याने आकड्यांनी दाखवलं. ही सोपी रीत जगभर पसरली. लिकर्टच्या प्रबंधातला विश्वसनीयता तपासण्याचा भाग मात्र तितक्या निष्ठेने पसरला नाही, याचं मला वाईट वाटतं.

विश्वसनीयतेची कल्पना लिकर्टच्याही आधीची. चार्ल्स स्पिअरमन हा ब्रिटिश सैन्यातला अधिकारी 1897 मध्ये नोकरी सोडून मानसशास्त्र शिकायला लाइपझिगला गेला. 1904 मध्ये त्याने मांडलं की आपल्या हाती येणाऱ्या प्रत्येक प्राप्तांकात दोन भाग असतात, माणसाचा खरा अंक आणि चूक. त्या दिवशीचा थकवा, विधान नीट न कळणं, घाईत केलेली खूण, हे सगळं चुकीत आलं. आता शंभर माणसांचे प्राप्तांक घेतले तर ते एकमेकांपासून वेगळे असतात. या वेगळेपणाला संख्याशास्त्रात प्रचरण म्हणतात. त्या प्रचरणातला किती हिस्सा माणसामाणसांतल्या खऱ्या फरकामुळे आहे, याचं प्रमाण म्हणजे विश्वसनीयता. 0.80 म्हणजे ऐंशी टक्के फरक खरा आणि वीस टक्के चुकीचा.

या चुकीची किंमत किती मोठी असते हेही स्पिअरमनने तेव्हाच दाखवलं. समजा, कामावरचं समाधान आणि नोकरी टिकवण्याची इच्छा यांच्यातला खरा सहसंबंध 0.50 आहे आणि दोन्ही मोजणाऱ्या प्रश्नावल्यांची विश्वसनीयता प्रत्येकी 0.70 आहे. मग संशोधकाच्या हाती 0.35 येईल. तो लिहील, ‘संबंध क्षीण आढळला.’ संबंध क्षीण नसतो, मोजमाप क्षीण असतं. अशा किती चांगल्या कल्पना आपण ‘आढळले नाही’ म्हणून बाजूला ठेवल्या असतील, याचा विचार प्रत्येक मार्गदर्शकाने करावा असं मला मनापासून वाटतं.

खरा अंक कोणालाच दिसत नाही. मग हिस्सा मोजायचा कसा? सरळ मार्ग म्हणजे तीच प्रश्नावली त्याच माणसांना काही दिवसांनी पुन्हा द्यायची. ही पुनर्चाचणी. अंतर कमी ठेवलं तर माणसाला आपली जुनी उत्तरं आठवतात, जास्त ठेवलं तर माणूस खरंच बदललेला असू शकतो. शिवाय तीच माणसं दुसऱ्यांदा गाठणं सोपं नसतं. दुसरा मार्ग अर्धविच्छेदाचा. प्रश्नावलीचे दोन अर्धे भाग करायचे, त्यांचा सहसंबंध काढायचा आणि पूर्ण लांबीसाठी दुरुस्ती करायची. या दुरुस्तीचं सूत्र 1910 मध्ये स्पिअरमन आणि विल्यम ब्राउन यांनी स्वतंत्रपणे दिलं. पण दहा विधानांचे पाच-पाचचे दोन गट 126 प्रकारांनी पडतात आणि प्रत्येक प्रकाराचं उत्तर वेगळं येतं. खरं कोणतं धरायचं? कूडर आणि रिचर्डसन यांनी 1937 मध्ये बरोबर-चूक स्वरूपाच्या प्रश्नांपुरता हा प्रश्न सोडवला. ली क्रॉनबाख यांनी 1951 मध्ये त्याला व्यापक रूप दिलं आणि दाखवलं की त्यांचा गुणांक हा अशा सगळ्या विभागण्यांची सरासरी आहे. त्यांनी त्याला अल्फा हे नाव दिलं, कारण पुढे आणखी गुणांक येतील अशी त्यांची कल्पना होती. सूत्र मुळात त्यांचं एकट्याचं नव्हतं. लुई गटमन यांनी 1945 मध्ये दिलेल्या सहा गुणांकांपैकी तिसरा हाच.

आज संगणकावर एक बटण दाबलं की अल्फा येतो. पुनर्चाचणीला जितके दिवस लागतात तितके सेकंदही लागत नाहीत. म्हणून तो सगळ्यांना आवडला, आणि म्हणूनच तो काय पाहतो हे नीट समजून घ्यायला हवं. अल्फा एवढंच पाहतो की विधानांची उत्तरं एकमेकांबरोबर किती हलतात आणि विधानं किती आहेत. यातल्या ‘किती आहेत’कडे फार कमी जण लक्ष देतात. समजा, कोणत्याही दोन विधानांतला सरासरी सहसंबंध 0.30 आहे. पाच विधानं असतील तर अल्फा 0.68 येतो, दहा असतील तर 0.81 आणि वीस असतील तर 0.90. विधानं तीच, दर्जा तोच, केवळ संख्या वाढली. एकच गोष्ट शब्द फिरवून चार वेळा विचारली तर गुणांक आणखी चढतो, पण आपल्याला त्या माणसाविषयी नवं काहीच कळत नाही.

याहून मोठा गैरसमज असा की अल्फा चांगला आला म्हणजे प्रश्नावली एकच गोष्ट मोजते. वसतिगृहाच्या विद्यार्थ्यांसाठी बारा विधानं घ्या, सहा अध्यापनाबद्दल आणि सहा मेसच्या जेवणाबद्दल. प्रत्येक गटात आपापसांतला सहसंबंध 0.60 आणि अध्यापन व जेवण यांच्यात शून्य, असं धरा. बाराही विधानांचा एकत्र अल्फा काढला तर तो 0.82 येतो. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन गोष्टींची बेरीज आणि तिसऱ्या प्रकरणात ‘विश्वसनीयता समाधानकारक’! हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत करता येतो. संशोधनपद्धतीच्या प्रत्येक वर्गात तो मुलांकडून करून घेतला पाहिजे.

आता कागद सोडून गावात जाऊ. कारण आकड्याचा जन्म तिथे होतो.

घरोघरच्या पाहणीत माणूस स्वतः खूण करत नाही. पाहणी करणारी मुलगी विधान वाचते, समोरची बाई ओट्याशी काम करता करता ऐकते. ‘आरोग्य केंद्रातले कर्मचारी आपुलकीने वागतात. पूर्णपणे सहमत, सहमत, सांगता येत नाही...’ पाचवा पर्याय येईपर्यंत पहिला विसरलेला असतो. बाई म्हणते, ‘बरं आहे की, काय वाईट न्हाई.’ ही कोणती पायरी? पाहणी करणारी ‘सहमत’वर खूण करते. बाजूच्या खोलीत सासू असते. दारात आशाताई उभ्या असतात, त्यांच्यासमोर त्यांच्याच केंद्राबद्दल वाईट कसं बोलायचं? दाराशी आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नाही, ही आपल्याकडची रीत. मग एकामागून एक ‘सहमत’ पडत जातात. शेजारच्या घरातली बाई करारी असते, तिच्याकडे कोणी नसतं, ती मोकळेपणाने ‘असहमत’ सांगते. एक सगळीकडे हो म्हणते, दुसरी सगळीकडे नाही. सगळी विधानं एकत्र हलतात आणि अल्फा 0.90 च्या वर जातो.

माझ्या मते आजच्या विषयाचा गाभा हा आहे. अल्फाला विस्कळीत चूक दिसते, सातत्याने होणारी चूक दिसत नाही. उलट ती त्याला खरा फरक वाटते. भिडेपोटी दिलेली उत्तरं गुणांक पाडत नाहीत, तो वाढवतात. क्रॉनबाख यांनी स्वतः 1946 मध्ये, अल्फाच्या पाच वर्षं आधी, उत्तर देण्याच्या अशा ठरावीक सवयींवर लेख लिहून सावध केलं होतं. 1950 मध्ये थिओडोर अडोर्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हुकूमशाही वृत्तीवरचा प्रसिद्ध ग्रंथ आला. त्यातल्या मोजपट्टीची सगळी विधानं एकाच दिशेची होती. ‘सहमत’ म्हटलं की हुकूमशाही वृत्ती वाढली. त्यात किती भाग वृत्तीचा आणि किती केवळ हो म्हणण्याचा, हा वाद पुढे अनेक वर्षं चालला.

यावर सांगितला जाणारा उपाय म्हणजे निम्मी विधानं उलट दिशेची घालणं. उपाय योग्य आहे, पण बोलीभाषेत तो जपून वापरावा लागतो. ‘इथले डॉक्टर पुरेसा वेळ देत नाहीत’ असं वाचलं आणि समोरून ‘नाही’ आलं, तर ते ‘नाही देत’ आहे की ‘असं नाही’? दोन्ही अर्थ आपल्या रोजच्या बोलण्यात बसतात. पाहणी करणाऱ्याने थांबून पुन्हा विचारलं पाहिजे आणि थांबण्याइतका वेळ त्याला मिळाला पाहिजे. दिवसाला ठरावीक घरं पूर्ण करायची सक्ती असेल तर ते होत नाही. विस्कळीत चूक इथे जन्मते, आणि तिचा दोष पुढे उत्तर देणाऱ्यांच्या ‘अडाणीपणा’वर टाकला जातो. हे मला मुळीच मान्य नाही. आपला वेळ देऊन, घरातलं काम बाजूला ठेवून जी बाई आपल्याला उत्तर देते, तिच्या शब्दांशी प्रामाणिक राहणं हे आपलं काम आहे.

आता दुसरा मुद्दा, फरक कोणाकोणातला? व्याख्येतच सांगितलं की विश्वसनीयता म्हणजे माणसामाणसांतला खरा फरक ओळखण्याची क्षमता. एखाद्या कारखान्यात सगळेच कामगार सारखे समाधानी असतील तर ओळखण्यासारखा फरकच नाही. अल्फा खाली येईल, प्रश्नावली मात्र होती तशीच आहे. म्हणून मूळ लेखकाने परदेशात काढलेला गुणांक आपल्या प्रबंधात उतरवून घेण्याला काही अर्थ नाही. तो त्या माणसांचा होता.

महाविद्यालयांत विद्यार्थी शिक्षकांना गुण देतात, तिथे ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या, म्हणजे नॅकच्या, विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात पाच पायऱ्यांचे 20 प्रश्न आणि एक मुक्त प्रश्न असतो. त्याशिवाय महाविद्यालयांचे स्वतःचे अभिप्राय अर्ज असतात. अशा अर्जांचा अल्फा सहसा उत्तम येतो, कारण शिक्षक आवडला की विद्यार्थी वक्तशीरपणापासून फळ्यावरच्या अक्षरापर्यंत सगळीकडे वरची खूण करतो. पण हा अल्फा कशाचा? एका विद्यार्थ्याचं मत दुसऱ्या विद्यार्थ्याच्या मतापासून वेगळं ओळखण्याचा. आपल्याला मात्र एका शिक्षकाचं अध्यापन दुसऱ्यापासून वेगळं ओळखायचं असतं. त्यासाठी एकाच वर्गातल्या विद्यार्थ्यांत एकमत किती आहे आणि उत्तरं किती जणांची आहेत, हे पाहावं लागतं. साठांच्या वर्गात सात जणांनी अर्ज भरला तर गुणांक काहीही येवो, त्या शिक्षकाविषयी आपल्याला फारसं काही कळलेलं नसतं. चूक एकाच उगमातून येत नाही, विधानांतून, परीक्षकांतून, प्रसंगांतून अशा अनेक वाटांनी येते आणि प्रत्येक वाट वेगळी मोजली पाहिजे, हे क्रॉनबाख यांनीच गोल्डिन ग्लेझर, नंदा आणि राजरत्नम यांच्यासह 1972 च्या ग्रंथात सविस्तर मांडलं. शिक्षकाची वेतनवाढ किंवा पुढची नेमणूक जिथे अशा अर्जांवर ठरते, तिथे हा हिशेब न करणं अन्यायाचं आहे. हे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

आणि तो 0.70 चा उंबरठा. त्याच्या खाली आलं की विद्यार्थी घाबरतो, वर आलं की निश्चिंत होतो. हा आकडा बहुधा जम नन्नली यांच्या पुस्तकाच्या नावावर टाकला जातो. 1967 च्या आवृत्तीत नन्नली यांनी संशोधनाच्या सुरुवातीच्या टप्प्यावर 0.50 किंवा 0.60सुद्धा पुरेसं मानलं होतं. 1978 च्या आवृत्तीत ते 0.70 झालं, तेही सुरुवातीच्या टप्प्यापुरतं. पुढच्या मूलभूत संशोधनाला त्यांनी 0.80 सांगितलं आणि एखाद्या व्यक्तीविषयी महत्त्वाचा निर्णय घ्यायचा असेल तर 0.90 हे किमान, 0.95 इष्ट. आपण पहिला आकडा उचलला आणि शेवटचा सोडून दिला.

शेवटच्या आकड्याची गरज का, ते पाहू. नैराश्याची तीव्रता पाहण्यासाठी पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली 2001 पासून जगभर वापरली जाते. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3, एकूण 27, आणि 10 किंवा अधिक आले की पुढची तपासणी हवी असं साधारण मानतात. मूळ अभ्यासांत तिचा अल्फा 0.86 आणि 0.89 आला होता. चांगलाच आहे. आता समजा, एखाद्या गटात प्राप्तांकांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, 6 आणि विश्वसनीयता 0.86 आहे. मग एका माणसाच्या प्राप्तांकातली मोजमापाची प्रमाण चूक 2.2 च्या आसपास येते. दोन्ही बाजूंना तिच्या दुपटीएवढं अंतर धरलं, तर ज्याला 10 मिळाले त्याचा खरा अंक साधारण 6 ते 14 यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. ज्याला 8 मिळाले त्याला ‘तुम्ही ठीक आहात’ म्हणून घरी पाठवणाऱ्याच्या हे ध्यानात असलं पाहिजे.

गोव्यातल्या प्राथमिक आरोग्यसेवेत विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम मला यासाठी आदर्श वाटतं. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, पीएचक्यू-9 धरून, पाच प्रश्नावल्या तिथल्या रुग्णांवर तपासल्या होत्या. गुणांकापाशी न थांबता त्यांनी प्रत्येकीची तुलना सविस्तर, आखीव मुलाखतीशी केली आणि किती जण सुटतात, किती जण उगाच धरले जातात, हे मांडलं. दुसऱ्या देशात शाबीत झालेलं साधन आपल्या माणसांवर पुन्हा पारखायचं म्हणजे काय, ते तिथे पाहायला मिळतं.

क्रॉनबाख 2001 मध्ये वारले. अखेरच्या काळात त्यांनी अल्फाविषयी लिहिलेलं टिपण रिचर्ड शॅव्हेलसन यांनी संपादित करून 2004 मध्ये प्रसिद्ध केलं. बहुतेक सामग्रीसाठी अल्फा हे सर्वांत योग्य साधन आहे असं आपण आता मानत नाही, असं त्यांनी त्यात स्वच्छ लिहिलं. साधनाविषयी एकच गोष्ट सांगायची तर ती गुणांक नसावी, मोजमापाची प्रमाण चूक असावी, हे त्यांचं अखेरचं मत. ज्याच्या नावाने गुणांक ओळखला जातो त्यानेच हे सांगून ठेवलं असताना आपल्या प्रबंधांत ती प्रमाण चूक क्वचितच दिसते.

मग करायचं काय? अल्फा टाकून द्या असं मी म्हणत नाही. आधी विधानांचे गट पडतात का ते पाहा. विधानांचा भार सारखा नसेल, म्हणजे मोजायच्या गोष्टीशी प्रत्येक विधानाचं नातं सारखंच घट्ट नसेल, तर रॉडरिक मॅक्डोनाल्ड यांचा ओमेगा हा गुणांक काढा, तो आता विनामूल्य संगणक प्रणालींतही मिळतो. गुणांकाबरोबर त्याची विश्वासमर्यादा आणि प्रमाण चूक छापा. शक्य असेल तिथे निदान काही जणांची पुनर्चाचणी घ्या. आणि हे सगळं करण्याआधी दहा-पंधरा माणसांपुढे बसून विधानं वाचा, प्रत्येक विधानानंतर विचारा, ‘तुम्हाला यातून काय कळलं?’ या कामाला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. तो वेळ संशोधन आराखड्यात लिहून मान्य करून घ्यावा.

आपल्याकडे ही परंपरा नव्हती असं नाही. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी बिने बुद्धिमापन चाचणीचं कानडी आणि मराठी मुलांसाठी रूपांतर केलं आणि 1940 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांनी चाचणी नुसती भाषांतरित केली नाही, इथल्या मुलांवर वापरून तिचे प्रश्न नव्याने बसवले. आज मात्र मराठीत केलेली रूपांतरं त्या त्या प्रबंधाच्या परिशिष्टात पडून राहतात. पुढचा विद्यार्थी तीच प्रश्नावली पुन्हा पहिल्यापासून भाषांतरित करतो आणि आधीच्याने कुठे ठेच खाल्ली हे त्याला कळतच नाही.

म्हणून माझी इथल्या विद्यापीठांकडे एक मागणी आहे. मराठीतल्या अशा सर्व मोजपट्ट्यांचं एक सामाईक, सर्वांना खुलं भांडार करावं. प्रत्येक नोंदीत विधानांचा नेमका मजकूर असावा, कोणत्या तालुक्यात, कोणत्या वयाच्या, किती शिकलेल्या, किती माणसांना विचारलं ते असावं, स्वतः भरून घेतलं की वाचून दाखवलं ते असावं, प्रत्येक विधानाची उत्तरं नावं वगळून असावीत, आणि लोकांना न कळलेल्या विधानांची यादी असावी. आज जे प्रबंध सादर होत आहेत त्यांच्यापासून सुरुवात करता येईल. सभागृहात तीन-चार विभागप्रमुख बसलेले मला दिसत आहेत. प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न मीच त्यांना विचारणार आहे : आपल्या विभागापासून हे कधी सुरू करू या?